न जुळणारा दाटपणा

मी एक जुना संगणक आहे, कोलकात्याच्या एका प्रयोगशाळेत कोपऱ्यात घुरघुरणारा. मित्रांनो, माझ्या पोटात रेणूंचे नकली द्रव वाहतात. ते खऱ्यासारखे वागावेत म्हणून कोणता अणू कोणाला किती ओढतो, किती ढकलतो, याचे आकडे शोधावे लागतात. आमटीत मीठ-गूळ घालत चव जुळवतात ना, तसा मी एकेक आकडा किंचित हलवतो, द्रव चालवतो, खऱ्या मोजमापाशी ताडतो आणि पुन्हा हलवतो. असं हजारो वेळा.

मधुछंदा संशोधन करायला इथं आली तेव्हा मी धुळीनं माखलेला होतो. तिनं मला पुसलं, माझा पंखा बदलला आणि एक नवाकोरा द्रव माझ्या हवाली केला. वरच्या मजल्यावरच्या शुभ्रांशुदांनी तो बनवला होता, मोजलाही त्यांनीच. तो हवेतलं पाणी पटकन शोषून घेई, म्हणून त्याची बाटली विजेवर चालणाऱ्या, ओल खेचणाऱ्या कपाटात असे. कोणत्याच पुस्तकात त्याची मापं नव्हती. मधुछंदाचा सगळा प्रबंध त्याच्यावर उभा होता.

घनता जुळली, वाफ व्हायला लागणारी उष्णता जुळली. दाटपणा, म्हणजे तो किती सावकाश वाहतो ते, मात्र काही केल्या जुळेना. माझा द्रव नेहमी जास्तच दाट निघे. पातळ करावा तर घनता बिघडे. तिच्या मार्गदर्शक सरांनी महिन्याची मुदत दिली होती. शुभ्रांशुदा म्हणाले, यंत्र म्हातारं झालंय, भंगारात दे, नाहीतर दाटपणा तुलनेतूनच काढून टाक. मधुछंदानं माझ्या सगळ्या जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या. मी मनातून पार खचलो.

"दादा, हे बिघडलं असतं तर दर वेळी वेगळं चुकलं असतं," ती शेवटी म्हणाली. "चाळीस वेगवेगळ्या आकड्यांपासून सुरुवात केली. चाळीसही वेळा इथंच येऊन थांबलं. तुम्ही ते कोणत्या दिवशी मोजलंत?"

"विश्वकर्मा पूजेच्या दुसऱ्या दिवशी."

"पूजेला आपण सगळी यंत्रं बंद ठेवतो. ते कपाट?"

दादांनी चष्मा काढला. "तेही. हार मीच घातला होता त्याला."

बंद कपाटात द्रवानं शोषलेल्या ओलीनं घनता जेमतेम हलली होती, दाटपणा मात्र पार उतरला होता. द्रव नीट वाळवून पुन्हा मोजला, तेव्हा खरा दाटपणा माझ्या उत्तरापाशी येऊन टेकला. दादा खाली आले, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "म्हातारबुवा, चुकलो रे मी." त्या पोरीचा मला फार अभिमान वाटला. तिनं माझ्या हट्टावर विश्वास ठेवला होता.

आता ती दूर शिकवते, आणि मी क्वचितच चालतो. पूजेला मला बंद करण्याआधी दादा त्या कपाटाला झेंडूचा हार घालतात, बटणाला हात न लावता. मित्रांनो, आम्हांला अधूनमधून पुसत जा. आणि आमचं उत्तर तुमच्या मापाशी जुळलं नाही, तर भंगारात काढण्याआधी एकदा आपली बाटली तपासा.