वीतभर सूत

"कापड उतरवताना कात्री धागे ओवलेल्या फणीच्या पुढे चालव. वीतभर सूत मागावर राहू दे, नवे धागे त्यालाच जोडायचे असतात," सासूबाई सांगायच्या. शेवटच्या आजारपणात त्यांनी थोरल्या सुनेकडून शब्दच घेतला होता, "माझा माग उघडा पडू देऊ नकोस."

आज त्या मागावरचं कापड विणून झालं होतं आणि थोरलीच्या हातात कात्री होती.

दोघी जावा याच खोलीत विणायला शिकल्या. थोरलीचा हात सफाईचा. धाकटीच्या कापडाचे काठ वाकडेतिकडे, पण जीभ गोड. नमुने पिशवीत घालून तिनं दुकानं पालथी घातली, मोठी शेड घेतली, तिथं ओळीनं माग बसवले. दारावर तिच्या नावाची पाटी लागली, ती तेव्हापासून थोरलीला सलत होती.

धाकटी दारातून डोकावली. "ताई, झालं का? सकाळी माग शेडवर न्यायचाय. परवा मोठी गिऱ्हाइकं येतायत, त्यांना सासूबाईंचा माग चालता दाखवायचाय."

"दाखव की. दाखवण्यात तुझा हात धरणारं कोण आहे?"

"मग विणायला तुम्ही या. माझं विणणं बघून ती दारातूनच परततील."

"तुझ्या पाटीखाली मी कुठं मावणार, बाई."

धाकटीचं हसू विरलं. "पाटीवर तुमचंही नाव घालू म्हणून दोनदा विचारलं होतं, ताई. तुम्हीच नको म्हणालात." ती निघून गेली.

खरं होतं ते. तिनं तिसऱ्यांदा विचारावं म्हणून तर थोरली नको म्हणाली होती.

कात्री फणीच्या मागे गेली. तिथून कापलं की सगळे धागे निसटणार, एकेक पुन्हा ओवायचा म्हणजे आठवडा जाणार. परवा गिऱ्हाइकांपुढे नुसता लाकडी सांगाडा. चुकून कापलं गेलं म्हटलं की कोण विचारतंय?

तिनं धाग्यांवर बोट फिरवलं. सासूबाईंनी एकदा ओवलेला हा माग पुन्हा कधी ओवावा लागला नव्हता. धाग्याला धागा जोडला जात इथवर आला होता.

ती पाटी काही डोळ्यांपुढून हलली नाही. तरी कात्री फणीच्या पुढे आली, वीतभर सूत राखून तिनं कापड उतरवलं. मग चष्मा लावला, नव्या सुताची गुंडी मांडीवर घेतली आणि पहिली गाठ मारायला बसली.