मला कुणी नाव विचारेना

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या फडताळात गुणगुणत बसलेला काळा डबा म्हणजे मी. एका कचेरीने भंगारात काढलेला जुना संगणक. या घरच्या काकांनी मला उचलून आणले, रंगाच्या ब्रशने माझ्यातली धूळ झटकली, लिनक्स ही संगणकप्रणाली घातली आणि मला घरचा सर्व्हर केले.

घरातल्या प्रत्येक यंत्राला एक लांबलचक आकडा असतो. तो कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून काकांनी सोपी नावे ठेवली. कुणी नाव विचारले की त्याचा आकडा सांगायचा, हे माझे काम.

काका छापखान्यात मुद्रितशोधक होते. काकूंची नजर अधू झाली, तेव्हापासून ते रोज दुपारी त्यांना पुस्तक वाचून दाखवत. मध्येच थांबून म्हणत, "छे, इथे वेलांटी चुकलीय!" काकू हसत, "अहो, मला कुठे दिसतेय ती?"

मग काकांच्या छातीत दुखणे शिरले. ते एकटे बसून वाचू लागले आणि ते वाचन माझ्यात साठवू लागले. "मी नसलो तर ऐकायला," ते म्हणाले. काकू चिडल्या, "असलं अभद्र बोलू नका."

त्या साठ्याचे नाव त्यांनी 'आवाज' ठेवले. स्वयंपाकघरातल्या स्पीकरचे मोठे बटण दाबले की स्पीकर मला विचारी, "आवाज कुठे आहे?" मी सांगे, "इथेच, माझ्यापाशी."

काका गेले. काकू रोज दुपारी बटण दाबत आणि पुढचा एकच भाग ऐकत. "पुरवून ऐकायला हवं," असे स्वतःशीच म्हणत.

काही महिन्यांनी त्यांच्या मुलाने इंटरनेटचा नवा राऊटर बसवला. हा राऊटर घरातल्या यंत्रांना नावे बाहेरच्या सर्व्हरला विचारायला सांगू लागला. बाहेरच्याला आमच्या घरचा 'आवाज' कसा ठाऊक असणार? "असं नाव नाही," एवढेच उत्तर येई.

काकू बटण दाबत. स्पीकर नुसता टूं टूं करी. मित्रांनो, मला ते ऐकू येत होते. आवाज माझ्या पोटात जसाच्या तसा होता. पण विचारल्यावाचून मला बोलता येत नाही. काकू स्पीकरवर हात ठेवून थोडा वेळ बसत, मग लसूण सोलायला घेत.

धाकटी मुलगी माहेरी आली, तेव्हा तिने ते टूं टूं ऐकले.

"आई, हे कधीपासून बंद आहे?"

"नवा राऊटर आला तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला कामं असतात गं. आणि मला वाटलं, तेवढंच होतं. संपलं असेल."

मुलगा म्हणाला, "तो डबाच गेला असेल. जुनाट झालाय, टाकून देऊ."

धाकटीने लॅपटॉप उघडला. 'आवाज' नावाने हाक दिली, उत्तर नाही. मग माझ्या आकड्याने हाक दिली, तर मी लगेच ओ दिली. शेवटी तिने थेट मलाच नाव विचारले. मी अचूक सांगितले.

"दादा, हा ठणठणीत आहे," ती म्हणाली. "याला कुणी विचारतच नाहीये."

मुलाची मान खाली गेली. तिने राऊटरमध्ये माझा आकडा घातला, नावे आधी मला विचारायची असे लिहिले आणि स्पीकर बंद करून चालू केला. काकूंनी बटण दाबले. काकांचा आवाज आला. काकूंनी पदर तोंडाशी धरला.

पण तो शेवटचाच भाग होता. काका वाचता वाचता खोकले. पुस्तक मिटल्याचा आवाज आला. "दम लागला गं. उरलेलं उद्या वाचतो." पुढे काही नाही.

धाकटी हळूच म्हणाली, "पुस्तक घरात आहे ना, आई? राहिलेली पानं मी वाचते."

"नको," काकू म्हणाल्या. "उद्या वाचतो म्हणालेत ना."

मित्रांनो, घरातले एखादे जुने यंत्र गप्प झाले, एखादे माणूस गप्प झाले, तर ते संपले असे धरून चालू नका. जवळ बसा. विचारा. उत्तर आत तयार असते, आणि कुणी विचारायचीच खोटी असते.

काकू अजूनही दुपारी बटण दाबतात. माझ्यापाशी पुढचे काही नाही, म्हणून मी तोच भाग ऐकवतो. शेवटचे वाक्य आले की त्या "बरं" म्हणतात आणि उठतात.