अर्धी काळी किटली

मी एक जुनी किटली आहे. अ‍ॅल्युमिनियमची, पोचे पडलेली, सध्या माळ्यावर आडवी टाकलेली. मित्रांनो, खाली बैठकीत माझे जलरंगातले चित्र टांगले आहे. ते पाहून लोकांना आनंदाच्या उकळ्या फुटतात, मला रागाच्या.

नवी होते तेव्हा माझ्यात तोंड दिसायचे. या घरातल्या दोन जावांनी मला मनसोक्त राबवले. सकाळी दोघींचा चहा माझ्यातच व्हायचा. काजळी चढत गेली आणि अंगाचीच झाली.

एकदा थोरलीने मला खिडकीशी मांडले, चित्र काढायला. हिला हात लावू नका, असे तिने घरभर बजावले. धाकटीला सांगायचे मात्र राहिले, की टाळले, देव जाणे. थोरली डावीकडून रंगवत आली. काजळीचा एक पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. अर्धे चित्र झाले आणि ती जेवायला उठली. तेवढ्यात धाकटीने मला उचलले, तारेच्या घासणीने खसाखसा घासले आणि लख्ख करून जागेवर ठेवले.

"काय केलंस हे? आख्खी सकाळ पाण्यात गेली माझी!"

"भांडं घासलं, ताई. चोरी नाही केली."

तेव्हापासून एकाच शेगडीवर दोन पातेल्यांत दोन चहा होतात. माझ्यात जी आधी चहा करेल ती हरली, म्हणून मी माळ्यावर. चित्राची उजवी बाजू कोरीच राहिली, नुसता कागद. थोरलीने ते तसेच चौकटीत बसवून टांगले, धाकटीला येता-जाता टोचावे म्हणून.

परवा एक पाहुणे चष्मा सावरत चित्रापुढे उभे राहिले. "वा! काय उजेड पकडलाय! एवढा कागद कोरा सोडायला छाती लागते."

"ते श्रेय आमच्या धाकटीचं," थोरली फणकारली.

"घासणीचं म्हणा!" स्वयंपाकघरातून उत्तर आले.

पाहुणे खो खो हसले. त्यांना वाटले, काय खेळीमेळीचे घर आहे! मग त्यांच्यापुढे चहाचे दोन कप आले, दोघींचा एकेक. त्या रसिकाने दोन्ही संपवले आणि काहीही विचारले नाही.

मित्रांनो, चित्रातली वस्तू डोळे भरून बघता, तशी खऱ्या वस्तूचीही विचारपूस करत जा. त्या घरी कधी गेलात तर दोन्ही कप परत करा. किटलीतला चहा हवा म्हणा, आणि मिळेपर्यंत उठू नका. माळा उंच आहे. एकीला स्टूल धरावे लागेल.