पुढच्या रांगेतली उजवी जागा

"तू नुसता हात वर कर, मी बटण दाबते," हेझल म्हणाली आणि तिनं मला रेकॉर्ड वाजवायचा कर्णा दाखवला. स्मारकाच्या कठड्यामागे, पुष्पचक्रांच्या आड, कुणाच्या नजरेस पडू नये असा ठेवला होता.

हात वर करायचा तो बॅगपाइप वाजवताना मेजरांचा दम तुटला तर. हेझल आमच्या गावच्या स्मृतिदिन समितीची अध्यक्ष. मनानं वाईट नाही, पण फजिती तिला सोसत नाही. लढायांत गेलेल्यांच्या दिवशी सगळा गाव पहाटेचा मागे चालत असताना बॅगपाइप मधेच बंद पडला, तर काय करायचं? त्यापेक्षा रेकॉर्ड बरी. आणि एकदा का रेकॉर्ड लावावी लागली, की पुढच्या वर्षीपासून तीच, असं समितीत ठरलं होतं. मेजरांवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं. लक्ष ठेवण्यात तुझा हात धरणारं किल्डरनमध्ये कुणी नाही, असं हेझल हसत म्हणाली. खरंच होतं ते. लेक एल्सपेथ झाल्यापासून मी तिच्या नाकाशी बोट धरून बसते. श्वास चालू असला तरी थोड्या वेळानं पुन्हा धरते.

मेजर म्हणजे डगल रेनी. सैन्यात ते एक दिवसही नव्हते. जन्मभर गोठ्यागोठ्यांतून दूध काढायची यंत्रं दुरुस्त करत फिरले. पण गावच्या बॅगपाइप बँडचे ते प्रमुख, म्हणून लहानथोर त्यांना मेजरच म्हणतात. आमची माणसं स्कॉटलंडहून बोटीनं इकडे दक्षिणेला आली तेव्हा बटाट्याचं बियाणं आणि हे वाद्य एवढंच धड पोचलं, असं गावात म्हणतात. बँडमध्ये कुणाला कधी छदाम मिळाला नाही. उलट आपले किल्ट, म्हणजे चौकडीचे लोकरी घागरे, आपणच रफू करायचे, हॉलचं छप्पर आपणच रंगवायचं. माझे आजोबाही त्यात होते. मग कुणी ऑस्ट्रेलियात गेलं, कुणी जवळच्या इन्व्हरकार्गिल शहरातल्या वृद्धाश्रमात, कुणी चर्चमागच्या टेकडीवर. गेल्या हिवाळ्यात मोठा ढोल वाजवणारी नेसा टली गेली आणि मेजर एकटे उरले.

हॉलची किल्ली माझ्याकडे असते. किल्टना कसर लागू नये म्हणून ते ऊन दाखवायचं काम मी अंगावर घेतलंय. खरं सांगायचं तर नवरा, रोरी, गायींकडे गेला की घरात दुसरा आवाज नसतो, म्हणून मी गुरुवारी बाबागाडी ढकलत तिथं जाते. गुरुवार सरावाचा. सरावाला बँड गोल उभा राहतो, तोंडं आत करून. मेजर एकटे असले तरी कधी मधे आले नाहीत. त्या गोलात त्यांची जागा खिडकीपाशी. तिथंच उभे राहायचे आणि समोरच्या जमिनीच्या रिकाम्या फळ्यांकडे बघत वाजवायचे. मी एल्सपेथच्या कानांवर लोकरीची टोपी ओढून स्वयंपाकघरात बसायचे. तिथूनही सगळं ऐकू यायचं. अलीकडे अलीकडे, सुराच्या आधीचा त्यांचा श्वाससुद्धा.

कर्ण्याचं त्यांना मीच सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं.

"कर्ण्याला पाय आहेत का गं?" त्यांनी विचारलं. "लोकांपुढं चालणार कोण?"

डॉक्टर काय म्हणाले, असं मी विचारलं. फुप्फुसांचं रबर गेलंय म्हणाले. मग बदलून द्या, म्हटलं, मी जन्मभर तेच केलं. एवढं सांगून ते हसले आणि हसताना खोकले. मग वाद्य मांडीवर घेऊन बोटांच्या नळीतली सूर काढणारी पत्ती काढून त्यांनी ओठांत ओली केली.

"ही पत्ती थंडीत कधीही बसते, सूर मुका होतो," ते म्हणाले. "कुणाचा दमही जातो. पण रांग सोडायची नाही, पोरी. पाय चालू, बोटं चालू. बाकीचे धून ओढतात, तोवर आपला सूर परत लागतो. बघणाऱ्याला कळता कामा नये." पत्ती परत बसवत ते म्हणाले, "माझ्यावर पहारा कुणाचा?"

"माझा."

"बरं झालं. तुझे आजोबा माझ्या डाव्या हाताला असायचे."

त्या पहाटे हिमाचा पांढरा थर पडला होता. गाव हॉलपुढच्या रस्त्यावर कोट आवळून जमलं होतं. मेजर रस्त्याच्या पार उजव्या कडेला उभे. बँडप्रमुखाची जागा तीच, पुढच्या रांगेत उजवीकडे. डावीकडे अख्खा रस्ता मोकळा. नव्यानं बदलून आलेला पोलीस अदबीनं म्हणाला, साहेब, मधे या की. मेजर म्हणाले, मी माझ्या जागेवरच आहे. मी बाबागाडी घेऊन त्यांच्या डाव्या अंगाला राहिले, तिथून त्यांचा चेहरा दिसत होता.

धून सुरू झाली. एल्सपेथनं डोळे टक्क उघडले, पण रडली नाही. बेकरीपर्यंत सगळं ठीक होतं. बेकरीनंतर चढ लागतो. तिथं त्यांची मान लाल झाली. एक सूर लांबला, खाली घसरला. खांद्यावरच्या नळ्या कण्हल्यासारख्या वाजल्या आणि गप्प झाल्या.

एवढ्या माणसांचे बूट एकदम ऐकू आले.

स्मारकापाशी हेझलनं मान वर केली. ती माझ्याकडेच बघत होती. माझा हात बाबागाडीवरून सुटला आणि छातीपर्यंत आला.

तेवढ्यात मला त्यांची बोटं दिसली. काखेतली हवेची पिशवी बसलेली, गाल आत गेलेले, पण नळीवर बोटं चालत होती. एकही सूर न गाळता. पाय ठेक्यात पडत होते. चेहऱ्यावर ना घाबरणं ना लाज. शेजारी आहेत, ते ओढतील, असा भरवसा फक्त. ही धून मी पाळण्यापासून ऐकलेली. बोटांवरून मला ती वाचता येत होती. हा दुसरा भाग. हा अंगठा उठला, म्हणजे उंच सूर. त्यांची छाती भात्यासारखी हलत होती, आणि हात वर केला तर निदान त्यांना थांबता तरी येईल, हेही मला कळत होतं.

मी हात परत बाबागाडीवर ठेवला.

मागे कुणाचं पाऊल चुकलं नाही. सगळा गाव त्या बोटांमागून चढ चढून गेला. स्मारकाशी धून संपायची तिथंच संपली, बोटं थांबली आणि मेजरांनी पिशवी काखेतून खाली घेतली.

नावं वाचून झाली, पुष्पचक्रं वाहून झाली. लोक चहाला आणि चीज भरून भाजलेल्या पावाच्या गरम गुंडाळ्या खायला हॉलकडे वळले. हेझल खाली बसून कर्ण्याची वायर गुंडाळत होती. पुढच्या वर्षाचं ती काही बोलली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

मेजर रस्त्यावरच उभे होते. ओठ निळसर झाले होते. मी जवळ गेले तेव्हा कितीतरी वेळ त्यांना बोलता येईना.

"कळलं का गं कुणाला?"

"बाकीच्यांनी सांभाळलं, मेजर."

"सांभाळणारच," ते म्हणाले.

मग ते मोकळ्या रस्त्याकडे तोंड करून ताठ उभे राहिले. बँडला सुट्टी प्रमुखानंच द्यायची असते. सुट्टी मिळाली की सगळे उजवीकडे वळतात आणि पांगतात. त्यांनी हलक्या आवाजात हुकूम दिला आणि वाट बघत थांबले, सगळ्यांचं वळून होईपर्यंत.

मी आजोबांच्या जागेवर उभी होते. मी बाबागाडी उजवीकडे वळवली.