मत्तेची नळी

उम्म सलमानच्या धाकट्या जावयाला, शिब्लीला, तोंड आवरायची सवयच नव्हती; बोलतानाही नाही आणि पितानाही. मत्ते म्हणजे कडू पानांचा चहा; पेला एक, नळी एक, आणि ती बैठकीत पाळीपाळीनं सगळ्यांत फिरते. ती नळी हातात आली की मेला ती चावायचा, चघळायचा आणि लाळेच्या तारेसकट पुढच्याला द्यायचा. उम्म सलमान लिंबाच्या सालीनं नळी पुसायची, पेल्यात गरम पाणी ओतायची आणि ओठ मिटून बसायची. सीरियातल्या या सुवैदात कुणाची पाळी चुकवणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर दार लावणं. चाळीस वर्षांत तिच्या बैठकीत तसं कधी झालं नव्हतं.

तिच्या मांडीवर बसून मुलाकडची सहा वर्षांची नात जुमानाही एखादा घोट ओढायची. मग एक दिवस पोरीला ताप भरला, मानेला गाठी आल्या, पाणीसुद्धा गिळवेना. इस्पितळातली नर्स इब्तिसाम म्हणाली, "आजी, हा ताप लाळेतून येतो. तुमच्या नळीला किती तोंडं लागतात?"

"आम्ही लिंबानं पुसतो."

"लिंबाला काय कळतंय?"

उम्म सलमानला स्वतःचीच शिसारी आली.

पोरीला घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं होतं, विषाणूवरच्या गोळ्यांचा या तापात उपयोग नाही. विश्रांती हवी, घोटघोट पाणी, गार दही, मिठाच्या गुळण्या आणि वेगळा पेला. मुख्य म्हणजे बरगडीखालची प्लीहा सुजलीय, धक्का लागला तर फुटेल. तेव्हापासून उम्म सलमान पोरीला कुणाच्या हाती देत नव्हती.

शुक्रवारी भरल्या बैठकीत शिब्ली तसल्याच गोळ्यांची डबी नाचवत आला. सासूला तो काकीच म्हणायचा. "काकी, डॉक्टरला काय अक्कल! खास दमास्कसहून मागवल्यात. ये गं उंदरे, खांद्यावर!"

उम्म सलमाननं मध्ये कोपर घातलं. "हात लावू नकोस. पोट सुजलंय तिचं."

"बरं बरं," म्हणत तो बसला. पाळी येताच नळी चघळली आणि तीच जुमानाच्या ओठांशी नेली. "एक घोट घे, घसा शेकेल."

उम्म सलमाननं नळी हिसकली, किटलीतल्या उकळत्या पाण्यात टाकली. दुसरी नळी घेतली, पेला भरला आणि शिब्लीला ओलांडून शेजारणीच्या हातात दिला. तिच्या लेकीनं, शिब्लीच्या बायकोनं, मान खाली घातली.

"काकी, माझी पाळी राहिली."

"राहिली नाही, संपली. गोळ्या तू पोरीसाठी नाही, मिरवायला आणल्यास. माणसं काय म्हणतील म्हणून मी इतकी वर्षं तुझी थुंकी घरभर वाढत राहिले, ती माझी चूक. आता ही पोर बरी होईपर्यंत या घराची पायरी चढू नकोस, शिब्ली. आणि पुढे कधी आलास, तर आपला पेला आपण घेऊन ये."