पातेलं अजून भिजतंय

आमच्या कॅन्टीनला स्वयंपाकी हवा होता. अर्जांचा ढीग पाहून माझ्या दिरांनी निवडीचं काम एआयवर सोपवलं.

मी म्हटलं, "चव न कळणारं यंत्र स्वयंपाकी काय निवडणार, डोंबल?"

"वहिनी, तुम्ही फक्त प्रश्न सांगा."

"बरं, विचारा. शेवटचं काय करपवलंत?"

उत्तरं आली ती एकाच साच्यातली. 'त्या चुकीतून मी खूप काही शिकलो,' असं जो तो लिहीत होता. अर्जदारांनीही एआयकडूनच लिहून घेतलं होतं, दुसरं काय! एकीने मात्र लिहिलं होतं, 'आज सकाळीच दूध करपलं. पातेलं अजून भिजतंय.'

मला वाटलं, यंत्र हिला तळाला ढकलणार. त्याने तिलाच पहिला नंबर दिला. कारण काय, तर असं उत्तर दुसऱ्या कुणाचंच नव्हतं. मी चाटच पडले. त्या ढिगातून ती माझ्या हाती कधी लागली असती? आणि बाईच्या हाताला चवही निघाली.

भाऊजींनी कौतुकाने ही गोष्ट गावभर केली.

पुढे आणखी एक जागा निघाली. प्रश्न तोच होता. आता मात्र झाडून सगळ्यांचं दूध सकाळीच करपलं होतं आणि पातेलं अजून भिजत होतं. मागच्या निवडीवरून 'हेच उत्तर चांगलं' एवढं शिकून शहाण्या झालेल्या यंत्राने सगळ्यांनाच पहिला नंबर दिला.

भाऊजी डोकं धरून बसले. "आता हो काय करायचं?"

"बोलवा की सगळ्यांना," मी म्हटलं. "फक्त येताना ते पातेलं घेऊन या म्हणावं."