दोन वेण्यांना लागणारा वेळ

तिसरीतली झिपरी शाळेत वेळेवर पोहोचली असा दिवस त्या सत्रात क्वचितच उजाडला. झिपरी हे तिचे घरातले नाव. जन्मली तेव्हाच डोक्यावर इतके जावळ होते की बापाने पहिल्यांदा हातात घेताना तेच म्हटले, आणि ते चिकटले. पुढे ते शाळेतही कसे कोण जाणे पोहोचले.

शाळेचा नियम साधा होता. घंटा झाली की फाटक बंद. मागून येणाऱ्यांनी बाजूच्या छोट्या दाराने आत यायचे आणि पहिला तास संपेपर्यंत कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसायचे. पहिला तास वाचनाचा असे आणि मुले वाचत असताना कोणी मध्येच वर्गात शिरलेले मुख्याध्यापिकांना खपत नसे. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत.

"आल्या राणीसरकार," दार उघडताना शिपाईकाका म्हणत. "आज काय, पलंग सोडेना?"

"झोप लागली होती."

"कालही लागली होती."

"कालची वेगळी होती," झिपरी म्हणे आणि बाकावर जाऊन बसे.

शेवटी बापाला बोलावणे आले. तो बेकरीत कामाला होता. उजाडायच्या आत घर सोडायचा तो दुपारी परतायचा. मुलगी शाळेत जाते एवढे त्याला ठाऊक होते. केव्हा जाते, हे त्याने कधी पाहिले नव्हते. केसांवरचा मैदा झटकून तो मोठ्या बाईंसमोर बसला.

"रागवायला बोलावलं नाही तुम्हाला," बाई म्हणाल्या. "पोरगी चलाख आहे. पण वाचनाचा तास तिच्या वाट्याला येतच नाही. दुसरीतली मुलं वाचतात तेवढंही तिला येत नाही. चौथीत सगळंच वाचून करायचं असतं. तिथे अडकली की मग कोणाच्या हातात काही राहत नाही."

"उठत नाही का वेळेवर?"

"ते तुम्ही मला सांगायचं. ती तर म्हणते, झोप लागते."

घरी येऊन त्याने मुलीला समोर उभे केले. "काय गं झिपरे, उठायला काय होतं तुला? आईला बरं नसतं. तिला मदत करायची सोडून वर तिच्याच डोक्याला ताप?"

आई ओट्यापाशी होती. झिपरीने फक्त आईकडे पाहिले, आणि तिचे ते पाहणे बापाने पाहिले.

दुसऱ्या दिवशी जोडीदाराला भट्टीवर लक्ष ठेवायला सांगून तो शाळेच्या वेळेआधी घरी आला. बेकरी दोनच गल्ल्या पलीकडे होती.

आई पलंगाच्या कडेला बसली होती. तिच्या पायाशी जमिनीवर झिपरी. गणवेश घातलेला, बूट चढवलेले, दप्तर मांडीवर. ती केव्हाचीच तयार होती. एक वेणी झाली होती. दुसरीचे पेड आईने धरले होते आणि त्यातला मधला निसटत होता. तिने तो पुन्हा उचलला. तिचा अंगठा बोटांपर्यंत पोहोचत नव्हता. तळहाताच्या कडेने ती केस दाबून धरत होती. पेड पुन्हा निसटला. झिपरी मान ताठ ठेवून भिंतीकडे बघत बसली होती. हे रोजचेच असल्यासारखी.

नसांचे काहीतरी दुखणे आहे आणि त्यावर गोळ्या चालू आहेत, हे त्याला माहीत होते. बरे वाटतेय, असे ती सांगायची. घरातले काचेचे पेले जाऊन स्टीलचे आले, तेव्हा पोरगी फोडते म्हणून आले असतील, असे त्याने धरले होते.

"कधीपासून?" त्याने विचारले.

"सकाळी जड होतात जरा हात. दुपारी बरे असतात."

"मला सांगायचं नाही?"

"सांगून काय केलं असतंत? डॉक्टर म्हणालेच होते, वाढत जाईल. वाढतंय."

"मग केस तरी कापून टाकू तिचे. शाळेला दोन वेण्या लागतात त्या केस लांब असले तरच ना?"

"केसांना कात्री लावायची नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तो विषय तिथे संपला.

तो पुढे झाला. बेकरीत गुंफलेले पाव करायचे काम त्याच्याकडेच होते. कणकेच्या तीन लांब वळ्या घेऊन तो डोळे मिटूनही वेणी घालू शकला असता. बायकोच्या हातातून त्याने केस घेतले. वेणी बघता बघता झाली. घट्ट, सरळ, टोकापर्यंत एकसारखी. मग त्याचे लक्ष पहिल्या वेणीकडे गेले. ती वाकडी होती, मध्येच सैल पडली होती. त्याने ती सोडली आणि नव्याने घातली.

"बघ, झालं की," तो म्हणाला. त्याला खरोखर हलके वाटत होते. "पहिली खेप भट्टीत गेली की हात रिकामेच असतात माझे. रोज येऊन घालून जाईन. तू आपली पडून राहा."

"बरं," ती म्हणाली.

झिपरी घंटेच्या आत पोहोचली. "राणीसरकार," शिपाईकाका म्हणाले, "आमचं घड्याळ बंद पडलं की काय?"

त्यानंतर ती वेळेवरच जाऊ लागली. बाकावर बसणे संपले. काही आठवड्यांत ती दुकानांच्या पाट्या अडखळत वाचू लागली, मग न अडखळता. औषधाच्या पाकिटावर काय लिहिले आहे तेही तिने आईला वाचून दाखवले, आणि आईने ते पाकीट उशीखाली ठेवून दिले.

सुरुवातीला आई त्या वेळेला उठून बसायची. मांडीवर फणी घेऊन बाप येईपर्यंत थांबायची आणि फणी त्याच्या हातात द्यायची. पुढे झिपरीच फणी घ्यायला लागली. पूर्वी वेण्यांसाठी म्हणून आई उठायची, आणि उठलीच आहे तर चहा टाकायची, केर काढायची, दारातल्या कुंड्यांना पाणी घालायची. आता ती आढ्याकडे बघत पडून असे.

"बाबांच्या वेण्या ओढतात," झिपरी एकदा तिच्या कानाशी लागून म्हणाली. "डोकं दुखतं."

"होईल सवय."

आई सकाळी उठेनाशी झाली, हे बापाच्याही ध्यानात आले, पण उशिरा. "संध्याकाळी घाल की तू तिच्या वेण्या," तो म्हणाला. "तेव्हा कसली आलीय घंटा? लाव हवा तेवढा वेळ."

"संध्याकाळी वेण्या घालून जायचंय कुठे तिला?"

तो भट्टीकडे गेला.

सत्र संपत आले तेव्हा शाळेने निरोप पाठवला. वेळेवर येणाऱ्या मुलांना पहिल्या तासाआधी मैदानात शाबासकीचे कार्ड देणार होते, पालकांनी यावे. बापाच्या त्या दिवशी दोन मोठ्या खेपा होत्या.

"मी जाते," आई म्हणाली.

"झेपेल?"

"शाळा काय परगावी आहे? हातांचं दुखणं आहे माझं. पाय आहेत शाबूत."

त्याने विश्वास ठेवला. वेण्या घातल्या. "आज लवकर येतो कार्ड बघायला," असे म्हणून तो गेला.

मायलेकी निघाल्या. आईने नवी चप्पल घातली होती. ती पायातून सारखी सुटत होती. गल्लीत तिने भिंत धरली, रस्त्यावर विजेचा खांब. दोन खांबांच्या मध्ये ती झिपरीच्या खांद्यावर हात ठेवायची. शाळेकडे जाणारी मुले त्यांना ओलांडून पुढे जात होती. झिपरी एकदा रस्त्याच्या टोकाकडे बघायची, एकदा आईच्या पावलांकडे.

"तू पळ," आई म्हणाली. "मी येतेच मागून."

"तुझ्याबरोबर येते."

"आज उशीर केलास तर कार्ड देतील का? पळ म्हणते ना."

झिपरी थोडी थांबली. मग पळाली. पाठीवर दोन्ही वेण्या आपटत ती कोपऱ्यावरून वळली.

आई पोहोचली तेव्हा फाटक बंद होते. टाळ्या तिने वाटेतच ऐकल्या होत्या, एकीमागून एक, मग थांबलेल्या. तिने फाटकाचे गज धरले. छोट्या दारातून शिपाईकाका बाहेर आले.

"कोणाच्या आई तुम्ही?"

"तिसरीतल्या झिपरीच्या."

"राणीसरकारांच्या? अहो, मग या ना आत. मोठ्यांना थोडंच बाकावर बसवतो आम्ही?" असे म्हणताना त्यांचे लक्ष गज धरलेल्या हातांकडे गेले. ते आतून खुर्ची घेऊन आले आणि फाटकाबाहेरच मांडली.

"झालं का सगळं?" तिने बसत विचारले.

"आत्ताच संपलं. वर्गात गेली पोरं. बोलावू तिला?"

"नको. वाचन सुरू झालं असेल."

तळमजल्यावरच्या खिडकीतून वर्ग ऐकू येत होता. आधी सगळे मिळून, मग एकेक जण. तिने झिपरीचा आवाज ओळखायचा प्रयत्न केला. एक मुलगी न थांबता वाचत गेली. ती झिपरी असावी असे तिला वाटले. मग दुसरी तशीच वाचू लागली.

"फार झोपाळू होती हो पूर्वी," शिपाईकाका कौतुकाने म्हणाले. "सुधारली."

"हो," ती म्हणाली. "झोपाळू होती."

काकांनी गाडी बोलावू का विचारले. ती नको म्हणाली आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. नवरा आज लवकर येणार होता. त्याच्या आधी घरी पोहोचायचे तर आत्ताच निघायला हवे होते.